वळणावरचा मुंजा

नाई नाई, नारळ इथं नका फोडू उत्तमराव, इथं समदं ऑइल सांडेल हाये — अन् मले कायचा नारळ बाप्पा, म्या केलं काय? तुमच्या पोराले दरीतून वर आणलं अन् जीपमंधी टाकलं, एवढंच ना? कोणीबी करते. बसा. त्या टायरावर बसा, स्टूल मोडेल हाये. कसा हाये प्रज्वलचा पाय? सळई टाकली म्हणता? — मांडीत? — हां, जवान हाड हाये, जुळते लवकर. देवानं वाचवलं म्हणता. हां. समदं देऊळघाट तेच म्हणते, मुंजोबानं पोराले वरच्या वर झेललं म्हणते. अन् आता तुमी खाली मोताळ्याले चालले, पत्र्याच्या शेडचं माप द्याले. रविवारी सातव्या वळणावर मुंजोबाले शेड उभा — लाल पत्रा, वरतं झालर, आतमंधी चमकणाऱ्या लाइटची माळ, दुरून दिसली पाह्यजे अशी. कालच कानावर आलं माह्या. त्याच्यावरच बोलाचं होतं तुमच्यासंगं — थांबा. एक मिनिट बोलू नका.

हां. निघाली. — काही नाई हो, ती गाडी उतरली ना आता घाटातून, तिचा आवाज ऐकत होतो. सवय लागली मले. कसं हाये, इथून गाडी खाली गेली का सातव्या वळणावर तिचा आवाज दबते, पार बंद झाल्यावाणी होते, मंग चौदा मोजले का पलीकडून निघते. चौदा. म्या नऊ वर्षं मोजून राह्यलो. तेवढ्या वेळ हातातला पाना खाली ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतात शालिग्राम मिस्त्री अर्धा येडा झाला — म्हणू द्या, त्यायचं काय चुकते? चहा घेता? नाई? बरं.

शेडच्या आधी एक गोठ ऐका माही, मंग जा खुशाल. म्या मागच्या महिन्यात रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवून आलो. — हसा, हसा, माही बायकोबी हसली. आपले ज्ञानेश्वर डॉक्टर नाई का, त्यायनं ती मोठी मोटरसायकल घेतली, अन् तिकडे दक्षिणेत ट्रॅकवर शिकवणीचा दिवस असते, सकाळपासून संध्याकाळलोक नुसतं वळण कसं घ्याचं ते शिकवतात. मले म्हणे शालिग्राम, तू चाल संगं, गाडी पाहाले आपला माणूस पाह्यजे. गेलो. अन् तिथं पोचल्या पोचल्या टेम्पोतून गाडी उतरवताना डॉक्टरचंच मनगट मुरगाळलं, हे एवढं सुजलं! डॉक्टर म्हणे, माह्या जागेवर तू बस. म्या म्हणलं, साहेब, माही पन्नाशी उलटली, पोट पाहा. त्यायनं ऐकलं नाई. तो कातड्याचा सूट — दोघायनं पोटावरची चेन ओढली अन् म्या श्वास सोडून उभा. खाली बसता येईना मले. पण खरं सांगू का, मनातून लय गुर्मी होती. तीस वर्षं गाड्या खोलून राह्यलो, ह्या घाटात डोळे मिटून उतरतो, मले कोणं काय शिकवावं?

शिकवाले कोण, तं सुचिता म्याडम म्हणून पोरगी, नाशिककडची, माह्या पोरीएवढी असंन. तिनं पहिले फळ्यावर काढून दाखवलं. काका, ब्रेक वळणाच्या आधीच लावून घ्याचा, गाडी सरळ हाये तोवर. गिअर बी तेव्हाच कमी करून घ्याचा. वळणात शिरल्यावर हात ढिले सोडा, आंग आतल्या बाजूले झुकवा, बाहेरून आत जा अन् आतून बाहेर निघा. तीन कोन ठेवेल होते — ते रस्त्याच्या कामावर शेंदरी टोपल्या उलट्या ठेवेल राह्यतात ना, तसे — एक जिथं वळाचं, एक आतल्या कडेले, एक जिथून निघाचं. अन् म्हणे, बाकी समदं विसरलात तरी चालेल, एक विसरू नका — मान फिरवा अन् जिथून निघाचं तिथं पाहा. डोळे आधी जातात, गाडी त्यायच्या मागून येते. म्या मनात म्हणलं, एवढं सोपं राह्यलं असतं तं काय पाह्यजे होतं. पण केलं तसं. अन् उत्तमराव — बाप्पा! गाडी अशी फिरे अल्लाद, आपण काही करूनच नाई राह्यलो असं वाटे. तीस वर्षांत वळण घेतलंच नव्हतं म्या, नुसता वळणातून जीव वाचवत आलतो. हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो येड्यावाणी.

मंग दुपारी काय झालं, एक वळण होतं उताराचं, उजवीकडे जाणारं. हुबेहूब आपलं सातवं. अन् त्याच्या बाहेरच्या कडेले, डाव्या हाताले, टायरं रचून भिंत केलेली, तिले शेंदरी रंग. आधीच्या फेऱ्यांत म्या तिकडे पाह्यलंच नव्हतं. त्या फेरीत पाह्यलं. बस, पाह्यलं एवढंच! मनात आलं, ह्याच्यावर आदळलो तं? — अन् डोळे तिथंच चिकटले, सुटेनात. हात जागच्या जागी कडक. गाडी सरळ त्या टायराच्या दिशेनं. मधात गिट्टी टाकेल होती म्हणून तिच्यात फसलो अन् पडलो, लागलं काही नाई. म्याडम धावत आली. म्हणे काका, कुठं पाहत होते? म्या म्हणलं, त्या शेंदरी टायराकडे. ती म्हणे, मंग तुम्ही तिथंच जाणार होते ना! ज्याच्याकडे पाहाल, गाडी तुम्हाले तिथंच नेते, तुमची इच्छा असो नसो. हे सहज बोलली ती, रोज दहा जणांले सांगत असंन. अन् म्या तिथंच गिट्टीत बसलो अन् ढसाढसा रडाले लागलो. पन्नाशीचा गडी, कातड्याचा सूट घालून. त्यायले वाटलं हाड मोडलं, स्ट्रेचर आणली बिचाऱ्यांनी.

काऊन रडलो? — सांगतो. त्याच्यासाठीच तं बसवलं तुमाले.

तो मुंजोबा स्वयंभू हाये म्हणतात ना? पाचशे वर्षांचा हाये, जमिनीतून वर आला, तुमच्या गावात बी असंच सांगतात ना? नऊ वर्षांचा हाये तो, उत्तमराव. म्या ठेवला. ह्या हातानं. माहा लहाना भाऊ, इंद्रभान, चोवीस वर्षांचा, लग्नाचं पाहून राह्यलो होतो, साखरखेर्ड्याची पोरगी पसंत बी पडेल होती त्याले. सातव्या वळणावर कोण्या ट्रकचं डिझेल सांडेल होतं, त्याची गाडी घसरली अन् खेळ खलास. त्यात कोणाची चूक नव्हती, देवाशप्पथ, त्याची बी नव्हती. पण बिनलग्नाचं पोरगं गेलं म्हणजे मुंजा होते, भटकते, दुसऱ्याले ओढते — माय माही तेच घेऊन बसली, जेवेना, खाईना. म्हणे, त्याले जागा दे शालिग्राम, माह्या इंद्राले बसाले जागा दे. म्या खालून नाल्यातून एक दगड आणला, त्याले शेंदूर फासला, अन् जिथं तो गेला तिथंच, वळणाच्या बाहेरच्या कडेले, दरीच्या तोंडाशी बसवला. मले वाटलं, त्याचं मन शांत होईन, अन् येणारा जाणारा पाहीन अन् गाडी सावकाश घेईन. लोकायच्या भल्यासाठी ठेवला हो! येणारे जाणारे पाया पडाले लागले. कोणं तेल घातलं, कोणं झेंडा लावला. मले बरं वाटे. इंद्राले विचारणारं कोणी हाये असं वाटे.

तिसऱ्या वर्षी सुवर्णा सिस्टर गेली. दवाखान्यातली नर्स, तिची स्कुटी माह्याकडेच येत होती सर्व्हिसिंगले. अजी, इतकी जपून चालवणारी बाई! पंचवीसच्या वर काटा नाई जाऊ द्याची. लोकं म्हणे, मुंज्यानं ओढली. मंग डोणगावचा तो कडूबा, भाजीचं कॅरेट बांधून जाणारा. मुंज्यानं ओढला. दर टायमाले शेंदूर वाढला, घंटी वाढली, दगड एवढाच अन् शेंदूर हा इतका जाड. अन् म्या, उत्तमराव — आता खोटं काय बोलू — मले बी तेच वाटे. मले वाटे इंद्राच नेते त्यायले. अमावस्येले जाऊन शिव्या देत होतो म्या त्याले, माह्या सख्ख्या भावाले! म्हणलं नालायका, काय पाह्यजे तुले आणिक, कोणाकोणाचं घर बुडवतो? अन् माय तं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची माही माय, अजून बी रोज दिवा लावते अन् हात जोडून म्हणते — इंद्रा, माह्या राजा, लोकायच्या लेकराले सोड रे. रोज. मी चूळ भरत असतो तिथंच बाजूले, रोज ऐकतो.

तो कोणाले ओढत नव्हता, उत्तमराव. मले त्या गिट्टीत बसल्यावर समजलं. तिथं उतरताना वळण हाये उजवीकडे. पाहाले पाह्यजे उजवीकडे, जिथून रस्ता निघते तिथं. अन् आपला माणूस काय करते? ऐन वळणात मान फिरवते डावीकडे, दरीकडे, देवाकडे. अन् हात कोणता लावते कपाळाले? उजवाच ना? देवाले डावा हात कोणी लावते का? अन् उजव्या हातात काय राह्यते — ब्रेक अन् एक्सलेटर. म्हणजे डोळे दरीत अन् ब्रेकवर हात नाई. सुवर्णा सिस्टर तं हात जोडे बिचारी, दोन्ही टायमाले, जाताना येताना. मीच सांगेल होतं तिले. सिस्टर, तिथं माहा भाऊ हाये, त्याले नमस्कार करत जा, तो सांभाळीन तुमाले. असं सांगेल होतं म्या. ह्याच टायरावर बसेल होती ती.

उठू नका. आईकून घ्या अजून एक. तुमच्यापासून म्या एक गोठ लपवली. प्रज्वलले वर आणलं तेव्हा पोट्टा शुद्धीवर होता. माहा गळा धरून रडे अन् म्हणे, काका, म्या काहीच नाई केलं हो, म्या फक्त पाया पडलो. फक्त पाया पडलो — जीपमंधी टाकेलोक तेच म्हणे. विचारा त्याले घरी जाऊन. ट्रॅकवरून आल्याले मले चारच दिवस झाले होते तेव्हा! चार दिवस आधी समजेल होतं मले, अन् म्या काढला नाई तो दगड. म्हणलं उद्या काढू. म्हणलं लोकं मारतीन. म्हणलं मायले काय सांगू. असं करता करता चार दिवस गेले अन् तुमचा पोरगा गेला खाली. वाचला म्हणून तुमी मले नारळ घेऊन आले. घ्या, तुमचाच पोरगा, तुमचाच नारळ — आता काय फोडाचं ते फोडा, माहं डोकं बी हाये इथंच.

शिव्या द्या नाई तं.

मी एकटा गेलो तं लोकं म्हणतीन, मिस्त्रीनं देव उखडला, अन् दुसऱ्या दिवशी दुसरा बसवतीन, ह्याच्याहून मोठा. तुमचं ऐकतीन. ज्याचं पोरगं मुंजोबानं झेललं तो माणूस म्हणला का देव इथं नको, वर सपाटीले नेऊ, जिथं गाडी उभी करून, खाली उतरून, चपला काढून पाया पडता येईन — तं कोण नाई म्हणीन? शेड बी तिथंच करा, दोन करा. पण ती चमकणारी माळ त्या वळणावर लावली ना, उत्तमराव, तं आणिक पोरं जातीन. अन् त्यायचे चौदा मोजाले मले नाई जमणार आता.

काय? — हे काय ठेवलं? मापाचा कागद? राहू द्या, मंग पाहू. — पहार? हाये, त्या कोपऱ्यात पाहा, जॅकच्या मागं. आता म्हणता? आत्ता? ऊन तं पाहा... बरं. बरं, चला. नाई, गाडी राहू द्या तुमची इथंच. पायी जाऊ. घंटाभर लागन, लागू द्या. नऊ वर्षं झाले, गाडीवर असलो का मी बी हात जोडतो अन् निघतो, अमावस्येले गेलो तं अंधारात नुसत्या शिव्या, त्याच्याकडे डोळे भरून पाह्यलंच नाई म्या. अन् एक सांगतो, पहार तुमी लावा. माह्या हातानं बसला, माह्या हातानं निघणार नाई तो. म्या फक्त उचलून घेईन. घरी मायजवळ नेतो आधी. तिले म्हणतो, हा घे, तुह्या इंद्रानं कोणालेच नाई नेलं.

थांबा, शटर ओढतो. — ओ भाऊ! बंद हाये गॅरेज, उद्या या. हवाच भराची? घ्या भरून, पाइप तिथं पडेल हाये. — खाली उतरता का घाटातून? मंग आज सातव्या वळणावर पाया पडू नका. सरळ रस्त्याकडे पाहा अन् निघा. — काऊन म्हणजे? देव नाई आज तिथं. घरी गेला. जा.