खिळ्याला अडकवलेला बिल्ला

इत्सेल : अमा, आधी पूर्ण ऐक. मग काय बोलायचं ते बोल.

अमा : ऐकतेच आहे, पोरी. तू ती मक्याची पानं पुसत जा, त्यांत गुंडाळायचं तमालेंचं पीठ वाळतंय.

इत्सेल : शुक्रवारी कॉलेजात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. माझीपण, तुझ्यावर केलेली.

अमा : हसले का लोक?

इत्सेल : नाही. बेद्रोसियन सर म्हणाले, दोन वर्षं या छोट्या कॉलेजात काढलीस त्यांचं चीज झालं. हीच विद्यापीठाला पाठव, थेट तिसऱ्या वर्षाला घेतील.

अमा : मग दोन दिवस असं सुतकी तोंड का करून बसलीयस?

इत्सेल : पुढच्या रांगेत कारिना होती. रामिरोची मुलगी.

अमा : कोण, आमच्या संत्र्यांच्या शेडचा सुपरवायझर रामिरो?

इत्सेल : तोच.

अमा : आणि फिल्ममध्ये काय दिसतं माझं?

इत्सेल : तू कामावरून येतेस. छातीवरचा बिल्ला काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवतेस. बिल्ल्यावर 'नॉर्मा' दिसतं. आणि मग तू म्हणतेस, "माझं नाव ओदिलिया."

अमा : ते मी तुला सांगत होते गं. कॅमेऱ्याला नाही.

इत्सेल : माहितेय.

अमा : या देशात राहायचे कागद नाहीत म्हणून एकोणीस वर्षं उसन्या नावावर संत्री निवडतेय. झोपेतसुद्धा कधी जीभ घसरली नाही माझी. आणि तू आठ मिनिटांत चव्हाट्यावर मांडलंस.

इत्सेल : मला तो क्षण फार आवडला होता, अमा. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

अमा : आणि तो कागद? सही घेतलीस तो?

इत्सेल : ज्याचा चेहरा दिसतो त्याची लेखी परवानगी लागते. खरं नाव, खरा पत्ता. सर त्याशिवाय फिल्म घेतच नाहीत.

अमा : म्हणजे तोही दिलास.

इत्सेल : ऑफिसात आहे. फाइलमध्ये.

अमा : मीच शिकवलं ना तुला, कागद पुरा भरावा, एक ओळ रिकामी सोडू नये. भोगा आता.

इत्सेल : मी पाठवतच नाही. आज पाचला विद्यापीठाचा अर्ज बंद होतोय, होऊ दे. उद्यापासून तुझ्याबरोबर शेडवर येते.

अमा : पुन्हा तोंडातून काढू नकोस ते.

(अमाचा फोन वाजतो.)

इत्सेल : कोण आहे?

अमा : रामिरो.

इत्सेल : उचलू नको.

अमा : आज नाही उचलला तरी उद्या सहाला त्याच्यासमोरच उभं राहायचंय. हॅलो? हो, नॉर्माच बोलतेय. हो. बरं. येते.

इत्सेल : काय म्हणाला?

अमा : उद्या कामाला लागायच्या आधी ऑफिसात ये म्हणाला.

इत्सेल : कशासाठी?

अमा : ते नाही सांगितलं. तुझी मुलगी कशी आहे, असं विचारत होता. एकोणीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

इत्सेल : जाऊ नको, अमा.

अमा : पण नाही गेले तर कुणीतरी दारात येईल. पाचला किती वेळ आहे?

इत्सेल : पावणेदोन तास.

अमा : तेवढ्यात फिल्ममधून माझा चेहरा काढता येईल?

इत्सेल : येईल. बिल्लाही काढते. तुझे पीठ मळणारे हात राहतील, आवाज राहील. पण सर म्हणाले होते, सगळी जादू त्या चेहऱ्यात आहे.

अमा : सरांना कुठं उद्या रामिरोला भेटायचंय? काढ.

इत्सेल : आणि मग नाही घेतलं मला तर?

अमा : तर दोघी मिळून रडू. आज अर्ज जायला हवा.

इत्सेल : बरं. तुझं नावही पुसते. आवाजातलं, आणि शेवटच्या नावांच्या पाटीवरचंही.

अमा : नाव नको पुसूस.

इत्सेल : अमा, नाव तर सगळ्यात आधी काढायला हवं.

अमा : शेडमध्ये ओळखतात ते माझं तोंड आणि तो बिल्ला. कारिनानं ऐकलं ते ऐकलं, त्याला आता इलाज नाही. पण ओदिलिया म्हणून मला एकोणीस वर्षांत कुणी हाक मारलेली नाही. तुझ्या फिल्ममध्ये तेवढी असू दे.