दर रविवारी हरणारे रुपराव

सन्माननीय अध्यक्ष मनोहरराव, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती रुपराव धकाते आणि या टेनिस क्लबच्या सभासद बंधुभगिनींनो,

चिटणीस म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. चार शब्दांत मी आजवर कधी थांबलो नाही, हे तुम्ही जाणताच.

कामठीच्या विणकराघरचे हे रुपराव १९५४ साली आपल्याकडे मार्कर म्हणून लागले. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. सभासदाला जोडीदार नसला की यानं समोर उभं राहायचं. सुट्टी काढून हे कलकत्त्याला जायचे, व्यावसायिकांच्या स्पर्धा जिंकायचे आणि परत येऊन आपल्या साहेबलोकांकडून हरायचे. हरायचे तरी कसे? सहा-चार! सहा-शून्य हरले तर साहेबांना संशय येणार, आणि जिंकले तर साहेब आठवडाभर रुसणार. मार्करकीची रीतच ती!

आता नोकरी सोडून त्यांना मुलांना शिकवायचं आहे. त्यासाठी सकाळी दोन तास एक कोर्ट मागितलं. तर बैठकीत आपले अध्यक्ष काय म्हणाले? "ज्याला मी दर रविवारी हरवतो, तो काय शिकवणार? त्याच्या एका तरी शिष्यानं मला हरवावं, कोर्ट दिलं!" हसू नका साहेब, इतिवृत्तात शब्द न् शब्द लिहून ठेवलाय.

आज सकाळी तो सामना झाला. एकच सेट. समोर रुपरावांची शिष्या लतिका, पंधरा वर्षांची, कामठीच्या मैदानात जाळीऐवजी दोरी बांधून शिकलेली. पाच-चार, लतिका पुढे. एक गेम, की कोर्ट मिळालं! आणि आमच्या रुपरावांनी काय करावं? अध्यक्षांना धाप लागलेली पाहिली आणि सवयीनं घात केला हो! कडेनं हळूच म्हणाले, "सोड वं आता, साहेब हायेत."

पोरगी जागीच थांबली. "काहून सोडू, सर? मी तं जिंकून राहिली!"

आणि जिंकलीच की!

रुपराव माझ्याजवळ बाकावर येऊन बसले. डोळे पुसत म्हणाले, "नानाजी, बावीस वर्षांत हे 'काहून' मले कोणाले विचारता नाही आलं."

इतकी वर्षं ते निकाल फळ्यावर मीच लिहीत आलो, आणि मला सगळं ठाऊक होतं. त्याची लाज वाटते, ती इथंच सांगून टाकतो.

तर अध्यक्षमहाराज, अर्ज आपल्यासमोर आहे, पेनचं टोपणही मी काढून ठेवलंय... वा! केली सही! वाजवा टाळ्या! आता उद्या सकाळी पहिलं नाव आपणच नोंदवा साहेब, आपला बॅकहँड जरा कच्चा आहे.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मंडळी, तुम्ही माफ करा न करा. रुपराव, तुम्ही तेवढं मला माफ करा.