माझी ऑनलाइन वाकळ

अख्ख्या जळकोट तालुक्यात माझ्यासारखी वाकळ शिवणारा दुसरा बाप्या न्हाई, गड्यांनो. आता दुसरा कुणी बाप्या वाकळ शिवतच न्हाई, ही गोष्ट वेगळी.

झालं काय, लातूरच्या लेकीला मुलगा झाला. आमची मंडळी बारशासाठी वाकळ शिवायला बसली, तर मी म्हणलं, "त्यात काय एवढं? मी बी शिवतो."

ती म्हणाली, "धड शिवून दाखवा, तुमचीच नेते बारशाला."

मग काय, मोबाईलवर पुण्याच्या एका मॅडमचा गोधडीचा क्लास लावला. सगळ्या बायकांत मी एकटाच मिशीवाला.

मॅडम म्हणाल्या, "काका, टेबलावर पसरून शिवा."

मी म्हणलं, "मॅडम, आमच्याकडं वाकळ भुईवर अंथरून तिच्यावरच बसून शिवतात. तुमीच शिका जरा!" बायका हसल्या, अन् मला लई चेव आला.

वाकळ पुरी झाली तशा मॅडम म्हणाल्या, "काका, उभे राहून सगळ्यांना दाखवा बरं."

मी झोकात उठलो, तर वाकळ बी माझ्यासंगं उठली. धोतर चांगलं हातभर टाक्यांत गेलं होतं!

"ओढू नका काका, ओढू नका!" मॅडम ओरडल्या.

आरडाओरडा ऐकून मंडळी भाकरीच्या पिठाच्या हातानंच आली. मी तसाच वाकळंसकट उभा. म्हणलं, "टाके सरळ हायत का न्हाई? नेणार ना बारशाला?"

तिनं वाकून टाके नीट बघितले अन् म्हणाली, "हाव, नेते की. पर घडी घालायची हाय, तुमी आडवे व्हा आधी."