दिव्याची उठावनी

इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या लष्कर नावाच्या भागात पार्षदाला, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाला, घरी आणायचं असेल ना, तर कुणीतरी मरावं लागतं. थट्टा नाही, ऐका.

पाटणकर बाजारामागच्या आमच्या गल्लीतला दिवा दिवाळीपासून बंद. माझे वसंतकाका अर्ज घेऊन अकरा वेळा पार्षदाकडे जाऊन आले. दर वेळी तो मान वर न करताच म्हणायचा, "हो जाएगा, काकाजी." पण वॉर्डातली एकही उठावनी, म्हणजे शोकसभा, हा गृहस्थ चुकवत नाही. मतं एका जागी बसलेली असतात ना तिथे!

शेवटी जानेवारीत काकांनी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: "गली की लाइट नहीं रही. उठावनी आज शाम छह बजे, वसंतकाका के घर."

सहाच्या ठोक्याला पार्षद हजर. पांढरे कपडे, जोडलेले हात. त्याच्या माणसानं फळ्यावरचं नाव आणि वेळ एवढंच वाचलं असावं. कारण त्यानं खुद्द काकांचेच हात धरले आणि गहिवरून म्हणाला, "वसंतकाका बड़े भले आदमी थे. मेरे तो पिता समान."

काका शांतपणे म्हणाले, "एक लाइट के लिए बहुत भटके बेचारे."

"अरे, वो तो मैंने उसी दिन लगवा दी थी!"

मग पाच मिनिटं मान खाली घालून बसला, उठला, दाराबाहेर गेला आणि मोबाइलचा टॉर्च लावून आपल्या चपला शोधायला लागला.