बर्फावरची फायनल आणि घरचा पाट

मी मूळचा गुहागरकडचा, समुद्राकाठचा, बर्फ बघितलेला तो मासळीवरचा तेवढाच, आणि ब्याण्णव साली दुबईला आलो तो आइस रिंकवर हेल्पर म्हणून, काय सांगू तुम्हाला, बाहेर माणूस उन्हात भाजतोय आणि आत मी दोन स्वेटर घालून बर्फावर गरम पाणी सोडतोय, हो, गरमच, त्याने बर्फ गुळगुळीत बसतो.

शुक्रवारी सकाळी तिथे कॅनडाचे इंजिनीअर लोक हॉकी खेळायचे, हौसेची टीम, पण गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं, कारण चेंडूऐवजी रबराची चकती असते, लागली की आई आठवते. मी गावचा विकेटकीपर, कॅप्टन म्हणाला हबीबी तू उभा राहा, यल्ला, म्हणजे चल लवकर, तसा उभा राहिलो तो पाच-सहा वर्षं उभाच.

मग अबूधाबीवाल्यांशी फायनल लागली ती नेमकी गणपतीत. आमच्याकडे मूर्ती थोरल्याने आणायची, गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, पाटावर घेऊन, बाबा गेल्यापासून मी दरवर्षी बिनपगारी रजा टाकून जायचो, एक साल चुकवलं नव्हतं. त्या वर्षी कॅप्टन म्हणाला तू नाहीस तर गोलकीपर नाही, आणि मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू, मला तसं कधी कुणी म्हटलंच नव्हतं. रजा पुढे ढकलली, आईला फोन केला, एवढं साल धाकटा आणील. आई म्हणाली बघ बाबा, एकदा पाट आणणारा हात बदलला की बदलला, आपल्यात तो पुन्हा मागे फिरवत नाहीत. मी म्हटलं बघू गं.

जिंकलो आम्ही, एका गोलाने. गुडघा त्याच दिवशी गेला, तरी शेवटपर्यंत उभा होतो. कपाबरोबर फोटो काढला, त्यात माझ्या तोंडावर जाळी, आईला मी ओळखूच आलो नाही. पुढच्या सीझनला कॅनडावाल्यांचाच एक पोरगा गोलकीपर म्हणून आला, मग माझं खलास.

अजून त्याच रिंकवर आहे, आता पाण्याची मशीन चालवतो, गारठ्यात गुडघा ठणकतो. त्या सालापासून मूर्ती धाकटाच आणतो, मागच्या गणपतीला गेलो तेव्हा त्याला विचारलं, यंदा पाट मी घेऊ का रे. भाऊ चांगला आहे हो, म्हणाला दादा तू चार दिवसांचा पाहुणा, तू बस, दमला असशील. मी बसलो. दमलो होतोच, पण मला फार वाईट वाटलं, आणि तसं बोलायलाही तोंड नव्हतं. तुमची रजा मंजूर झाली की तुम्ही आपले घरी जात जा, सुखी राहा.