चौथी लेन

क्लबच्या प्रौढांच्या पोहण्याच्या स्पर्धेत चौथ्या लेनची वेळ मोजणाऱ्या बाईंच्या मागेच एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, आईला सगळ्यात वेगवान गटात कुणी टाकलं?"

"फॉर्मवर वेळ लिहायची असते. मी लिहिली. रोज मीच मोजतो."

"घड्याळ कधी सुरू करता?"

"आधी तिची उडी डोळे भरून बघतो. मग आठवलं की करतो."

"अहो, तोवर ती अर्ध्यावर गेलेली असते. आता शेवटची येणार बघा."

"येऊ दे की. पण कुणात शेवटची, ते बघ. साठीत पोहायला शिकलीय माझी बायको."

शिट्टी झाली. आजी झेपावल्या, आणि बाईंचा अंगठा घड्याळावर तसाच राहिला.