मौनीच्या घरची आग

(दातांचा दवाखाना. दुपारची शेवटची पेशंट खुर्चीत आडवी, तोंड उघडं.)

डॉक्टर : अजून थोडं मोठं आ करा. हां. गार पाणी लागलं की ठणका लागतो म्हणालात. इथे?

चित्रकार : अं.

डॉक्टर : आणि या बाजूला?

चित्रकार : अं.

डॉक्टर : मघाशी उजवीकडे म्हणाला होतात. बाई, तुमचा एकही दात दुखत नाहीये.

चित्रकार : आं?

डॉक्टर : मिटू नका तोंड. मिटलंत की तुम्ही बोलायला लागाल, आणि मला आधी बोलायचंय. दारातच ओळखलं मी. दारावर ढकला लिहिलंय आणि तुम्ही ओढत बसलात. क्लासच्या दाराशीही हेच करायचात.

चित्रकार : अं आं.

डॉक्टर : माझ्या मुलीच्या पलंगाच्या वर एका मुलाचं चित्र लावलंय. चौदाची आहे ती. मी विचारलं, हा कोण? म्हणाली, मौनी. मग म्हणाली, बाबा, तुला नाही कळायचं, तो आतून जळालाय. मी चष्मा लावून जवळ गेलो. डाव्या भुवईत खाच, बाहेर आलेले कान, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. बाई, माझी मुलगी माझ्यासाठी रडून उशी भिजवते आणि मलाच सांगते, तुला नाही कळायचं.

चित्रकार : आं अं आं अं.

डॉक्टर : चूळ भरा आणि बोला.

चित्रकार : मी म्हटलं, कान मी लहान केले होते.

डॉक्टर : उपकार झाले.

चित्रकार : तुम्ही वाचलंत? सगळं?

डॉक्टर : तू म्हण. एवढी जाळपोळ केल्यावर तुम्ही कशाला? मुलगी शाळेत गेली की वाचायचो. ती विचारते तेव्हा सांगतो, मी नाही बुवा असलं काही वाचत. ते मांगा का काय, जपानी पद्धतीची चित्रकथा, ते शेवटच्या पानापासून उलटं वाचायचं असतं हे मला कुठे माहीत? पहिला भाग मी आपला नेहमीसारखा वाचला. त्यात आपलं आधी फाटलं, मग मैत्री झाली, आणि शेवटी तू मला विचारतेयस, ही जागा रिकामी आहे का. फार बरं वाटलं. नंतर सूचना दिसली आणि सगळी मजा गेली.

चित्रकार : प्रकाशकाचा हट्ट रे तो. म्हणतो, साधं डावीकडून छापलं तर मुलं खरं मानत नाहीत.

डॉक्टर : खऱ्यावरून आठवलं. माझी आई जिवंत आहे.

चित्रकार : हो? कशा आहेत?

डॉक्टर : ठणठणीत. आज सकाळीच इथे येऊन, कवळी नीट बसत नाही म्हणून असिस्टंटसमोर माझी खरडपट्टी काढून गेली. तिला तू तिसऱ्या भागात जाळलीस. सोबत धाकटी बहीणही जाळलीस. मला बहीण नाही.

चित्रकार : बहीण संपादकांनी घातली. म्हणाले, नुसती आई कमी पडते.

डॉक्टर : आणि तो पूल. खाली नदी, वरून पाकळ्यांचा पाऊस. आपलं भेटायचं ठरलं होतं ते क्लासच्या सायकलस्टँडमागे. तिथे गटार होतं. समोर पंक्चरवाला, त्याच्याकडे खिळ्याला फुटक्या ट्यूबा लटकायच्या.

चित्रकार : ट्यूबा कोण बघणार? पाकळ्या काढल्या म्हणून तर पोरी रडल्या.

डॉक्टर : मग आता दुखणं काय आहे ते सांग. दात सोडून.

चित्रकार : शेवटचा भाग द्यायचाय. सगळा काढून झाला, एक पान राहिलंय. मुलं मोठी झालीत, पुन्हा त्याच पुलावर भेटतात. ती विचारते, त्या दिवशी का आला नाहीस? इतके भाग एक शब्द न बोललेला मौनी तोंड उघडतो. आणि त्याच्या डोक्यावरचा बोलण्याचा फुगा रिकामा आहे. मी त्यात लिहिते, आमच्या घराला आग लागली होती. परत वाचते. खोडते. पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. कागदाला भोक पडायची वेळ आली.

डॉक्टर : आजवर तर आग बरी चालली.

चित्रकार : आग मला हवी होती ना. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून क्लासही सोडलास. मी ठरवून टाकलं, याच्यावर काहीतरी भयंकर ओढवलंय. किरकोळ कारण असतं तर मग कारण मीच उरत होते. हसू नकोस.

डॉक्टर : हसत नाहीये.

चित्रकार : ती आग काढून मी नाव कमावलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि अजून कुणी भेटायला बोलावलं आणि जरा उशीर केला, की मी उठून चालायला लागते. एकदा लग्नाची बोलणी करायला हॉटेलात बसले होते. बिचारा गाडी लावायला जागा शोधत होता. मी तिथूनही उठून आले. परत त्याचा फोन घेतला नाही. तेव्हा आता सांगून टाक. मी तुला पुरी पडले नसेन, कुणी दुसरी आवडली असेल, तरी चालेल. काय असेल ते सांग, म्हणजे मला एकदा बसून राहता येईल.

डॉक्टर : इकडे बघ. पुढचे दोन.

चित्रकार : दात? छान आहेत की.

डॉक्टर : छान असणारच, मीच बसवून घेतलेत. माझे नाहीत ते.

चित्रकार : सायकलवरून पडलास?

डॉक्टर : सगळ्यांना तेच सांगितलंय. घरीसुद्धा.

चित्रकार : मग?

डॉक्टर : बाबांनी माझं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. आपण भेटायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी.

चित्रकार : माझं चित्र सापडलं त्यांना. मी तुझं काढलेलं, तू भौतिकच्या पुस्तकात ठेवलं होतंस. माझ्यामुळे झालं.

डॉक्टर : बघ, परत तू मध्ये आलीस. नाही गं. त्यांच्या स्कूटरची किल्ली मिळत नव्हती. त्यांना वाटलं मी घेतली.

चित्रकार : आणि तू घेतली नव्हतीस.

डॉक्टर : त्यांच्याच खिशात होती. दुसऱ्या खिशात.

चित्रकार : मग काय म्हणाले?

डॉक्टर : म्हणाले, सापडली एकदाची. आणि रात्रपाळीला गेले.

चित्रकार : आधीही मारायचे?

डॉक्टर : मारायचे. पण दिसेल असं नाही. त्या दिवशी त्यांचाही अंदाज चुकला.

चित्रकार : मला काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या बाकावर बसून मी तुझी भुवई काढत होते.

डॉक्टर : मी आलो होतो.

चित्रकार : कुठे?

डॉक्टर : सायकलस्टँडला. तोंडाला रुमाल बांधून पंक्चरवाल्याकडे उभा होतो. रस्ता ओलांडायचा आणि रुमाल सोडायचा, एवढंच काम होतं. तू निळा फ्रॉक घालून आली होतीस आणि तीनतीनदा केस नीट करत होतीस. एवढं सजून आलेल्या मुलीसमोर हे फुटकं थोबाड घेऊन जायचं? सोळा वर्षांच्या पोराला मरण सोपं वाटतं त्यापेक्षा. नुसतं कसं उभं राहायचं म्हणून सायकलमध्ये हवा भरत बसलो. एकाच चाकात. तू उठशील आणि जाशील म्हणून भरतोय, आणि तू उठत नाहीस म्हणून अजून भरतोय.

चित्रकार : टायर फुटला होता.

डॉक्टर : फुटणारच.

चित्रकार : नाही, मला आठवतंय. केवढा आवाज झाला. मी दचकून उभी राहिले. त्या आवाजानंतरच मला वाटलं, आता हा येत नाही. आणि निघाले. तो तू होतास?

डॉक्टर : पंक्चरवाल्याने शिव्या घातल्या आणि ट्यूबचे पैसेही घेतले.

चित्रकार : सहावा भाग वाचलास ना? ती पुलावरून वळते आणि मागे आभाळात आतषबाजी होते, ती दोन अख्खी पानं? संपादक विचारत होते, ही आतषबाजी कुठून उपटली, गोष्टीत कारण काय तिचं? मी म्हटलं, कारण माहीत नाही, पण तिथे मोठा आवाज हवाच. तो तुझा टायर होता रे.

डॉक्टर : म्हणजे एवढ्या भागांत खरं काय ते तेवढंच.

चित्रकार : म्हणून दातांचा डॉक्टर झालास?

डॉक्टर : नाही. मोठ्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले. तुझ्या संपादकांना नाही आवडायचं हे.

चित्रकार : मला त्या फुग्यात काय लिहायचं ते कळलं. चौकट, किल्ली, रुमाल. तुझी हरकत नसेल तर.

डॉक्टर : हरकत आहे.

चित्रकार : नाव कुठे येणारे तुझं?

डॉक्टर : बाबा आमच्याकडेच असतात. आता ऐंशीच्या घरात आहेत. माझ्या मुलीला त्यांनी मांडीवर घेऊन बुद्धिबळ शिकवलं. हात थरथरतात, पण अजून तिच्या पेन्सिलींना टोक काढून देतात. आजोबा म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने त्या पानावर चौकट बघितली, मौनीचे पुढचे दोन दात बघितले, आणि मग जेवताना माझ्याकडे बघितलं, तर? पोरगी हुशार आहे. मी तिच्यापासून हे जपलंय. ती घरात हसत वावरते, तेवढंच मला बास आहे. तू आपली आग लाव. आगीत कुणाचे आजोबा नसतात.

चित्रकार : आता नाही रे लावता येणार.

डॉक्टर : का? इतके भाग लावलीस की.

चित्रकार : तेव्हा मला माहीत नव्हतं.

डॉक्टर : मग विसर. तोंड आवळलेला मौनी काढ आणि फुगा रिकामा सोड. कलाकृती म्हणतील.

मुलगी : बाबा, येऊ का? आज माझ्या दातांच्या तारा घट्ट करायच्यात ना? अरे, पेशंट आहेत अजून. सॉरी.

डॉक्टर : ये, ये. त्यांचं झालंच आहे.

चित्रकार : तुझ्या दप्तराला हा बिल्ला कुणाचा लावलायस?

मुलगी : मौनीचा. तुम्हाला माहीत नसेल, काकू. मांगामधला आहे.

चित्रकार : थोडं वाचलंय मी. भाची वाचते. तुला काय आवडतं त्यातलं?

मुलगी : सगळं. म्हणजे, आग सोडून.

चित्रकार : आग सोडून का? तिथे तर सगळे रडतात.

मुलगी : मीपण रडले. पण नंतर परत वाचलं ना, तर पटतच नाही. मौनी आगीला घाबरतच नाही हो. चौथ्या भागात शेगडी पेटवून मस्त हात शेकत बसलाय. आई गेली ना त्याची आगीत? मग?

चित्रकार : खरंच की. ते चुकलंच.

मुलगी : तो कशाला दचकतो ते बघा तुम्ही. कुणी एकदम उठलं की. दार आपटलं की. वर्गात सरांनी फळ्याकडे हात नेला तरी त्याचे खांदे वर जातात. आणि कुठेही गेला की भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसतो. मी सगळे भाग काढून तपासलं. आगीने नाही झालेलं ते. घरातलं कुणीतरी आहे.

चित्रकार : काढणारीने तसं काही ठरवलं नसेल गं. हात आपोआप काढून गेला असेल.

मुलगी : नसेल ठरवलं. पण तिने कुणाला तरी तसं बसलेलं बघितलंय, नक्की. असं मनाने नाही काढता येत.

चित्रकार : तुला कसं गं कळलं एवढं?

मुलगी : आमचा बाबा तसाच बसतो. जेवताना आजोबा उठायला लागले की हातातला घास ताटात ठेवतो आणि ते खोलीत जाईपर्यंत उचलत नाही. आजोबांना तर काठीशिवाय धड उभंही राहता येत नाही. मी लहान असल्यापासून बघतेय.

डॉक्टर : कधी बोलली नाहीस.

मुलगी : तूच बोलत नाहीस, तर मी कशी बोलणार? काय झालं? काही चुकलं का माझं?

डॉक्टर : नाही. काही नाही चुकलं. बाई, ते तुमचं राहिलेलं काम. आग काढून टाका. आतषबाजी राहू द्या.

मुलगी : आतषबाजी? ती तर सहाव्या भागात आहे, पुलावरची. बाबा, तू एकही भाग वाचला नाहीस म्हणाला होतास ना?

डॉक्टर : बैस इथे. खुर्चीत नको, माझ्याजवळ बैस. तिथे पूल नव्हता गं. पंक्चरचं दुकान होतं.